काळ्या चौकटीबाहेरचा नू

इंग्लंडातील दहा आठवड्यांच्या मुक्कामात मी पाहण्यासारखे पुष्कळ पाहिले. लंडनचे पूल पाहिले, राणीच्या वाड्यासमोरचा पहारा बदलताना पाहिला, समुद्रकाठच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर स्वेटर घालून आइस्क्रीमही खाल्ले. या सर्वांची वर्णने माझ्याआधी अनेकांनी केली आहेत आणि ती माझ्या हातून अधिक चांगली होतील असे मला वाटत नाही. म्हणून येथे मी फक्त तीन दिवसांविषयी लिहिणार आहे. त्या तीन दिवसांत मला एक प्राणी जिवंत भेटला, ज्याला मी माझ्या वर्गात सव्वीस वर्षे मृत म्हणून शिकवले होते.

शनिवार, बेसिंगस्टोक

२००६ सालचा मे महिना होता. कोरेगावच्या शाळेतून शास्त्र शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली होती. माझी मुलगी वृंदा बेसिंगस्टोक येथे एका संगणक कंपनीत काम करते. जावई डॉक्टर आहेत. त्या आठवड्यात ते कामासाठी लीड्सच्या एका रुग्णालयात गेले होते. घरी आम्ही तिघी होतो: मी, वृंदा आणि नऊ वर्षांची नात इरा.

बेसिंगस्टोकची खूण म्हणजे तेथील गोलचौक. थोडे अंतर गेले की पुन्हा एक हिरवे वर्तुळ येते आणि गाड्या त्याला प्रदक्षिणा घालून आपापल्या फाट्याला लागतात. पहिल्याच दिवशी वृंदाचा फाटा चुकला. मी सीटचा पट्टा घट्ट धरला. ती हसून म्हणाली, "आई, इथे रस्ता चुकला तरी घाबरायचं नाही. राउंडअबाउटला अजून एक फेरी मारायची, बस." आमच्याकडे चुकलेला माणूस गाडी तिथल्या तिथे उलटी घेतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो. ही पद्धत मला पसंत पडली. ती मलाच पुढे उपयोगी पडेल, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या शनिवारी इरा तक्त्याचा कोरा कागद घेऊन माझ्यासमोर बसली. तिच्या वर्गात जगातून नाहीशा झालेल्या प्राण्यांचा अभ्यास चालू होता. प्रत्येकाने एक प्राणी निवडून त्याचा तक्ता करायचा आणि सोमवारी वर्गासमोर उभे राहून बोलायचे होते.

"आज्जी, मला डोडो नको. एव्हरीवन इज डूइंग डोडो! मला असा अ‍ॅनिमल पाहिजे जो कोणाला माहीतच नाही."

या मागणीने मला किती आनंद झाला हे शिक्षकालाच कळेल. मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "पांढऱ्या शेपटीचा नू."

त्याचे कारण असे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी नामशेष प्राण्यांचा एक मोठा तक्ता केला होता. डोडो, क्वागा, समुद्रगाय आणि शेवटी हा नू. प्रत्येकाभोवती काळी चौकट. नू हा दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ पठारावरचा कुरंगवर्गीय प्राणी, म्हणजे आपल्या काळविटाचा लांबचा नातलग. त्याचे चित्र मला डोळे मिटूनही काढता येत असे.

"आई, नेटवर एकदा बघून घे ना," वृंदा कणीक मळता मळता म्हणाली.

"सव्वीस वर्षं शिकवलेली गोष्ट नेटवर काय बघायची?"

"बरं बाई," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा कणकेत लक्ष घातले.

संध्याकाळपर्यंत तक्ता तयार झाला. शेपटीसाठी आम्ही कापूस चिकटवला. चौकट मी स्वतः पट्टी धरून काळ्या शाईने आखली. वर इराने मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'एक्स्टिंक्ट' असे लिहिले, आणि ते सरळ रेषेत आले म्हणून मी तिच्या पाठीवर थाप दिली.

रविवार, दक्षिणेकडील प्राणी-उद्यान

रविवारचा बेत वृंदाने आधीच ठरवला होता. गाडीने पाऊण तासावर एक प्राणी-उद्यान आहे. तेथे इराला जिराफ पाहायचे होते. वाटेत दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेते लागली. मोहरीच्याच कुळातले हे पीक तेथे तेलासाठी लावतात. हॅम्पशायरच्या त्या उतरणींवर तो पिवळा रंग पाहताना मला घरच्या फोडणीचा वास आल्यासारखे झाले. झाडीखाली निळ्या घंटांसारख्या फुलांचे गालिचे पसरले होते. मी शास्त्रीय नाव आठवण्याचा प्रयत्न केला, आठवले नाही. ती पहिली सूचना समजायला हवी होती.

उद्यानात लोखंडी गजांचे नावही नव्हते. मोठाली कुरणे, त्यांना लाकडी कुंपण, आणि कुंपणापाशी बाके. आमच्याकडे माणसे माकडापुढे शेंगदाणे फेकतात आणि ते वेडावते की नाही हे पाहतात. तेथे पाटी होती, 'कृपया प्राण्यांना खाऊ घालू नका, धन्यवाद'. आधीच आभार मानलेले असल्यामुळे कोणाला खाऊ घालण्याचे धैर्य होत नसावे. आम्ही मात्र स्वतःला भरपूर खाऊ घातले. एका बाकावर तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचे आणि थर्मासमधला चहा काढला, आणि दुसरी पुरी तोंडात जाण्याआधीच पाऊस आला. आजूबाजूच्या एकाही कुटुंबाने आपले जेवण आवरले नाही. त्यांनी टोप्या वर ओढल्या आणि पावसातच सँडविच खाणे चालू ठेवले. आम्हीही मग तसेच केले. ओल्या पुरीची चव वाईट नसते, एवढे ज्ञान मला वयाच्या साठाव्या वर्षी मिळाले.

पाऊस थांबल्यावर इरा पुढे धावली. पुढच्या कुरणाच्या कुंपणाशी ती एकाएकी थबकली आणि परत न वळता तिथूनच ओरडली.

"आज्जी! आज्जी, इट्स नॉट डेड!"

मी जवळ गेले. ओल्या गवतात आठ-दहा प्राणी चरत होते. एकाने मान वर केली आणि आमच्याकडे पाहिले.

मी प्रथम काय म्हणाले, ते प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. मी म्हणाले, "हा दुसरा नू असेल. याच्यासारखाच आणखी एक असतो, निळसर, आकाराने मोठा. तो आफ्रिकेत भरपूर आहे."

"पण आज्जी, तो शेपटी पांढरा आहे."

ओळख पटवायची तर लक्षणे तपासावीत, हे मी आयुष्यभर मुलांना सांगत आले. आता लक्षणे माझ्यासमोर उभी होती. पहिले लक्षण शेपटी: घोड्यासारखी लांब, झुबकेदार, पांढरी. दुसरे शिंगे: कपाळावरून खाली उतरून पुढे आलेली आणि मग आकड्यासारखी वर वळलेली. तिसरे नाकावरच्या केसांचा उभा कुंचला, जणू कोणी बूट पुसायचा ब्रश तोंडावर उलटा चिकटवला आहे. तिन्ही लक्षणे जुळली. चौथे मी कधी चित्रात काढू शकले नव्हते: त्यातला एक नर एकदम उधळला, त्याने स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या, मागचे पाय हवेत झाडले आणि काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने पुन्हा चरू लागला.

कुंपणाशी हिरवे जाकीट घातलेल्या एक सत्तरीच्या बाई उभ्या होत्या. छातीवरच्या बिल्ल्यावर मार्गारेट असे नाव होते. त्या निवृत्त पोस्टमास्तरीण. दर रविवारी उद्यानात विनावेतन येऊन लोकांना माहिती सांगतात. माझा चेहरा पाहून त्यांना वाटले असावे की मी आजारी आहे.

"आर यू ऑल राइट, माय डिअर?"

मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारले, "हा प्राणी नामशेष झाला होता ना?"

"अगदी होता होता राहिला," त्या म्हणाल्या, आणि पुढचे सर्व त्यांनी संथपणे, मला समजेल अशा बेताने सांगितले.

ते असे. एके काळी दक्षिण आफ्रिकेच्या पठारावर या प्राण्याचे प्रचंड कळप होते. वसाहतकारांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी त्यांची बेसुमार शिकार केली. शिवाय हे गुरांचे गवत खातात म्हणूनही त्यांना गोळ्या घातल्या. शेवटी मोकळ्या रानात एकही उरला नाही. उरले ते फक्त काही शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीवर. कोणाला त्यांच्या उड्या पाहायला आवडत, कोणाला वाटे की बापजाद्यांच्या काळापासून आहेत तर असू देत. त्यांनी आपल्या कुंपणाच्या आत गोळी चालू दिली नाही, एवढेच. तेवढ्यावर पुढे कळप वाढले, इतर शेतांवर आणि राखीव रानांत सोडले गेले, आणि आज त्यांची संख्या हजारांत आहे.

"म्हणजे हे सगळे...?" मी कुरणाकडे हात केला.

"हे सगळे त्या कुंपणांच्या आतल्यांचे वंशज. प्रत्येक शेपटी."

मी त्यांना माझी कथा सांगितली. आमच्या शाळेच्या कपाटात प्राण्यांविषयीचे एक जुने इंग्रजी पुस्तक होते. त्यात लिहिले होते की पांढऱ्या शेपटीचे नू आता काही शेतांवरच उरले असून तेही फार काळ टिकतील असे दिसत नाही. मी तक्ता करायला बसले तेव्हा ते पुस्तक कित्येक दशके जुने झाले होते. मी हिशेब केला: तेव्हाच टिकणार नव्हते, तर आता नक्कीच संपले. मी पुस्तकाला अद्ययावत केले आणि चौकट आखली. निष्काळजी शिक्षकाने पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उतरवले असते आणि तो बरोबर ठरला असता. मी काळजीपूर्वक चुकले.

मार्गारेटबाई मोठ्याने हसल्या नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत हसू होते. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "त्या शेतकऱ्यांनी तुमचं पुस्तक वाचलं नव्हतं."

तेवढ्यात इराने माझा पदर ओढला. गवतात एका मादीच्या पोटाखाली पिवळट रंगाचे पिल्लू उभे होते. मार्गारेटबाई म्हणाल्या की ते मंगळवारी जन्मले आणि आपला चहाचा कप थंड व्हायच्या आत चार पायांवर उभे राहिले. त्याला अजून पांढरी शेपटी नव्हती, शिंगे नव्हती, नाकावर कुंचला नव्हता. माझ्या तक्त्यातले एकही लक्षण त्याच्यापाशी नव्हते. ते आईला ढुशी देऊन दूध प्यायले आणि आमच्याकडे बघून शिंकले.

मी तिथे नकळत हात जोडले. ते त्या पिल्लाला होते की कधी न पाहिलेल्या त्या शेतकऱ्यांना, हे मला नेमके सांगता येत नाही. नेमकेपणाची मला सवय असली तरी तेवढे राहू द्यावे.

रविवार, परतीची वाट

गाडीत बसताच इराला रडू फुटले.

"माझा पोस्टर चुकीचा आहे. उद्या माझा टर्न आहे. मी काय सांगू? एव्हरीवन विल लाफ. तू टीचर आहेस ना, आज्जी? मम्मा म्हणाली होती बघ म्हणून!"

वृंदाने तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहिले. 'मी सांगितलं होतं' असे म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. ती म्हणाली, "पुऱ्या उरल्यात, कोणी घेणार का?"

"मी डोडो करते," इरा हुंदके देत म्हणाली. "आत्ता रात्री करते. पटकन होतो तो."

मलाही क्षणभर ते सोपे वाटले. डोडोबद्दल कोणालाच शंका नाही. पण मग नातीने आज्जीकडून शिकलेला धडा असा झाला असता की चुकलेला कागद टाकून द्यावा आणि सगळ्यांनी केलेले करावे. मी पुढच्या सीटवरून मागे वळले.

"इरा, माझ्या वर्गाचा एक नियम होता. खोडरबर वापरायचा नाही."

"खरंय," वृंदा म्हणाली. "मी त्याच शाळेत होते, मलासुद्धा सूट नव्हती."

"उत्तर चुकलं, तर त्याच्यावर एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि वर बरोबर उत्तर लिहायचं."

"खालचं का वाचता आलं पाहिजे?"

"म्हणजे तपासणाऱ्याला कळतं, आधी काय वाटत होतं आणि मग काय कळलं."

ती विचार करू लागली. दोन गोलचौक गेले. "पण ते चुकीचं तर तू सांगितलंस."

"हो. म्हणून उद्या मी तुझ्याबरोबर येते आणि तसं सांगते."

"इन फ्रंट ऑफ एव्हरीवन?"

"सगळ्यांसमोर."

"इंग्लिशमध्ये?"

येथे माझा धीर थोडा खचला, पण मी हो म्हणाले.

सोमवार, इराची शाळा

इराच्या वर्गशिक्षिका मिस क्लार्क या पंचविशीच्या असतील. वृंदाने सकाळी त्यांना फोन करून विचारले, तेव्हा त्यांनी एका वाक्यात परवानगी दिली. आमच्या शाळेत पाहुणा वर्गात येणार असता तर अर्ज, शेरा आणि पुष्पगुच्छ लागला असता. येथे मला एक लहान खुर्ची मिळाली. इतकी लहान, की साडी सावरून बसताना माझे गुडघे हनुवटीशी आले आणि मुले खुदकन हसली. ते हसणे बरे वाटले. इराच्या वाट्याचे हसू तेवढे कमी झाले.

इराने तक्ता उलगडला. 'एक्स्टिंक्ट' या शब्दावर तिने एकच आडवी रेघ मारली होती आणि वर हिरव्या रंगात लिहिले होते, 'नॉट एनी मोर'. काळ्या चौकटीची एक बाजू तिने पांढऱ्या रंगाने पुसून दार केले होते, आणि त्या दारातून कापसाची शेपटी बाहेर काढली होती. ही माझी कल्पना नव्हे.

ती बोलली. पिल्लाविषयी, शिंकेविषयी, शेतकऱ्यांविषयी. मग म्हणाली, "माय ग्रँडमदर वॉन्ट्स टु से समथिंग."

मी उभी राहिले. आयुष्यात हजारो तास मी वर्गासमोर उभी राहिले आहे. मी तीन वाक्ये पाठ केली होती. मी शिक्षिका होते. हा प्राणी संपला असे मी सव्वीस वर्षे शिकवले. मी चुकले, आणि चुकले याचा मला आनंद आहे.

कोणी हसले नाही. मिस क्लार्क यांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनीही वाजवल्या. इराने माझा हात धरला आणि तो धरूनच ठेवला. माझ्यासाठी प्रवास तिथेच सुफळ झाला असता. पण पहिल्या रांगेतील, तांबड्या वेण्यांच्या एका मुलीने हात वर केला.

"तुम्ही ज्या मुलांना शिकवलंत, त्यांना सांगितलंत का?"

मी म्हणाले, "अजून नाही."

"पण सांगणार ना?"

इतक्या सरळ प्रश्नाला एकच उत्तर असते.

कोरेगाव

जुलैत परतल्यावर चौथ्या दिवशी मी शाळेत गेले. प्रयोगशाळेत तक्ता होता तिथेच होता. कडा पिवळ्या पडल्या होत्या, चौकटी अजून काळ्याभोर. माझ्या जागी आता सुनंदा कांबळे शास्त्र शिकवते. ती माझीच विद्यार्थिनी. तिने माझ्यासाठी चहा मागवला आणि मी तिला प्राणी-उद्यानापासून तांबड्या वेण्यांपर्यंत सारे सांगितले. मार्गारेटबाईंनी काढून पाठवलेले पिल्लाचे छायाचित्र दाखवले.

तिने ते बराच वेळ पाहिले.

"बाई, एक विचारू? तुम्हाला आठवत नसेल. आठवीच्या सहामाहीला प्रश्न होता, नामशेष प्राण्यांची नावे लिहा. मी तिघांची लिहिली आणि पुढे लिहिलं, नू अजून कुठेतरी शिल्लक असेल."

मला आठवत नव्हते.

"तुम्ही अर्धा गुण कापलात. लाल शाईनं लिहिलंत, तक्ता पाहा."

"तू असं का लिहिलं होतंस?"

"काही माहिती नव्हती, बाई. त्या चित्रातला नू तुम्ही इतका छान काढला होता, की तो गेला असेल असं वाटतच नव्हतं." ती हसली. "मग मी तक्ता पाहिला. आणि आता दोन वर्षं मीही तेच शिकवते."

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलांचा गलका आला आणि गेला. मी मनात त्या सर्व वह्या मोजू पाहत होते, तिच्या आणि माझ्या, मोजता येईनात.

"सुनंदा," मी म्हणाले, "तो अर्धा गुण तुझा होता. मी तो आज देते. फार उशीर झाला."

"देता ते घेते, बाई. अर्धासुद्धा सोडायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

तिने टेबलाच्या खणातून लाल पेन काढले आणि माझ्यापुढे धरले. स्टूल ओढून तक्त्याखाली ठेवले आणि ते डगमगू नये म्हणून दोन्ही हातांनी धरले. मी पेन घेतले नाही. स्टूल मी धरले आणि तिला वर चढायला सांगितले.

तिने नूच्या चित्राखालच्या 'नामशेष' या शब्दावर एकच आडवी रेघ मारली. खालचे वाचता येत होते. मग वर, आठवीच्या मुलीच्या वळणदार अक्षरांत, तिने आपले जुने उत्तर लिहिले. फक्त 'असेल' च्या जागी 'आहे' केले.